पेठ-सुरगाण्याच्या मुलांसाठी पैसे काढतोय, नेमके कशावर खर्च करावेत?

तासिकेवरची मॅडम, गंगापूर रोड

नाशिकच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. एफवायला पेठ, सुरगाणा, हरसूलकडची बरीच आदिवासी मुलं आहेत. दिंडोरी-निफाडला द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की त्यातली कितीतरी आईबापांबरोबर मजुरांच्या टोळीत जातात, आणि परीक्षेचे फॉर्म भरायचे दिवसही तेच. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, फॉर्मचेच पैसे कमवायला गेले होते."

आम्ही काही शिक्षक दर महिन्याला पैसे काढणार आहोत. कोणी म्हणतं वह्या-बॅगा वाटू, छोटा कार्यक्रम घेऊ. मुलांना स्टेजवर बोलावून हातात पिशवी द्यायची, हे मला अजिबात नको आहे. पोरं शिकत राहतील असा खर्च कोणता?

निवृत्त क्लार्क, पंचवटी

मॅडम, कॉलेजच्या स्कॉलरशिप टेबलावर माझी नोकरी गेली, म्हणून सांगतो. बॅगा राहू द्या. यातल्या बहुतेक मुलांच्या नावे सरकारी पैसा मंजूर होऊ शकतो, पण तो वाटेत अडकतो.

घरचं उत्पन्न २.५ लाखांच्या आत असेल तर आदिवासी मुलांना पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती आहे. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे, तिच्यातून राहण्या-जेवणाचे पैसे खात्यावर येतात. अनुसूचित जातीच्या मुलांना तशीच स्वाधार. खुल्या गटातल्या गरीब पोरांकडे कोणी बघत नाही. व्यावसायिक कोर्सला असतील तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती विचारा, तिथे मर्यादा ८ लाखांची आहे.

आता अडतं कुठे ते बघा. महाडीबीटीचा, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा, फॉर्म त्रुटी काढून परत येतो, पण नोंदवलेला मोबाईल भावाचा असतो आणि भाऊ कामावर. मुलाला पत्ताच नसतो. दुसरं, पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात. सिम घेताना दुकानदाराने कुठलं तरी खातं उघडून दिलेलं असतं, रक्कम तिकडे जाते आणि पोरगं इकडे पासबुक भरत बसतं. बँकेत आधी विचारायचं, आधार कोणत्या खात्याला जोडलंय? तिसरं, दुसऱ्या वर्षी रिन्युअल करावं लागतं, हे कित्येकांना माहीतच नसतं.

ॲडमिशनच्या दिवसांत दोन शिक्षकांनी लॅपटॉप घेऊन बसावं. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधार, खातं, सगळं समोर तपासावं. पुढे दर पंधरवड्याला प्रत्येकाच्या फॉर्मची स्थिती बघावी. जमवलेले पैसे परीक्षा फी आणि एसटीच्या पासासाठी ठेवा. स्कॉलरशिप आली की परत द्यायचे, नाही आली तर मागायचे नाहीत. मुलाने वर्गशिक्षकाला सांगावं, फी परस्पर काउंटरवर भरली जावी. नाव बाहेर फुटता कामा नये.

सुरगाण्याचा, आता सिडकोत

काका म्हणतात ते खरं आहे. मी पेठ रोडला खोली घेऊन शिकलो. फीपेक्षा मेसची चिंता जास्त असायची. स्वयंचा हप्ता यायचा, पण उशिरा. मेसवाला थांबत नाही. माझ्या खोलीतला एक मित्र हुशार होता, मेसची बाकी वाढली म्हणून गावी गेला तो परत आलाच नाही. त्यामुळे तुमच्या पैशांतून मेसच्या एका महिन्याची सोय ठेवाच.

अजून एक. आमच्याकडची मुलं मागत नाहीत. "कोणाला मदत हवी?" असं वर्गात विचारलंत तर एकही हात वर येणार नाही. गैरहजेरी बघा आणि एकेकाला बाजूला घेऊन बोला. आणि कामाला गेलेल्याला "कुठे होतास?" म्हणून सगळ्यांसमोर उभं करू नका, तो दुसऱ्या दिवशी येत नाही.

तासिकेवरची मॅडम, गंगापूर रोड

दोघांचे मनापासून आभार. कार्यक्रम रद्द, हे सकाळी सहकाऱ्यांना सांगते. काका, सुरगाण्याच्या मुलांचं आदिवासी विकास विभागाचं प्रकल्प कार्यालय कळवणला ना? की गडकरी चौकातल्या आदिवासी विकास भवनातही त्यांचं काम होतं?

निवृत्त क्लार्क, पंचवटी

सुरगाणा कळवणकडे, पेठ नाशिककडे. भवनात आयुक्तालय आहे, फॉर्मसाठी आधी प्रकल्प कार्यालयच गाठा. जाताना मुलांचे अर्ज क्रमांक एका कागदावर लिहून न्या.