मदत हवी आहे: 'खणखण'ला इंग्रजीत क्लिंक, क्लँक की क्लँग?

घाईत_आहे:
तातडीची मदत हवी आहे. 'खणखण' या आवाजाला इंग्रजीत क्लिंक म्हणतात, क्लँक की क्लँग? डिक्शनरीत तिन्हींपुढे 'धातूवर धातू आपटल्याचा आवाज' एवढंच दिलंय. शिवाय काचेचाही एक आवाज आहे. आज रात्री फाइल द्यायचीय. 'संदर्भावर अवलंबून आहे' असं कृपया कुणी लिहू नका.

शब्दखोर:
संदर्भावर अवलंबून आहे. :) काय आपटतंय, कशावर? एकदा की सारखं?

घाईत_आहे:
लोखंड, फरशीवर. एकदाच. धातू म्हणून वर लिहिलंय की.

जुनं खोड:
एकदाच असेल तर ते 'खणखण' कसं? 'खणकन' म्हणा. मराठीत शब्द दोनदा आला की आवाज चालूच आहे आणि मागे 'कन' लागलं की एकदा होऊन संपला. टणटण-टणकन, खडखड-खाडकन. इंग्रजीत चालू आवाजाचं काम बऱ्याचदा शेवटचा 'ल' करतो: जिंगल, जँगल, टिंकल, रॅटल. क्लिंक, क्लँक, क्लँग हे एकेका ठोक्याचे. निम्मं काम इथेच झालं.

शब्दखोर:
+१. उरलेलं निम्मं स्वरात आहे. 'इ' बारीक आणि छोट्या वस्तूला, 'अ' जाड आणि मोठ्या. आपल्याकडेही किणकिण लहान, घणघण मोठी. एडवर्ड सपीर या भाषाशास्त्रज्ञाने १९२९ साली लोकांना विचारलं होतं, 'मिल' आणि 'माल' दोन्हींचा अर्थ टेबल, तर मोठं टेबल कोणतं? बहुतेकांनी 'माल' सांगितलं. तेव्हा वस्तू मोठी असेल तर क्लँग.

साउंडवाला:
नाही पटलं. क्लँक आणि क्लँग दोन्हींत स्वर तोच आहे, मग फरक कुठे? शेवटात. क्लँक 'क'वर तुटतो, क्लँग नाकात घुमत राहतो. स्टीलची वाटी तळहातावर ठेवा आणि काठावर चमचा मारा. आता तीच वाटी मुठीत घट्ट आवळून मारा. वाटी तीच, चमचा तोच, पण पहिल्यांदा घुमते, दुसऱ्यांदा 'टक' होऊन मरते. काय आपटलं हे नंतर बघा, आपटल्यावर आवाजाचं काय होतं ते आधी ऐका.

शब्दखोर:
म्हणजे आकाराला काहीच अर्थ नाही? मग चमच्याचा क्लँग का होत नाही?

साउंडवाला:
आकाराने सूर ठरतो, शेवट नाही. तडा गेलेली घंटा केवढीही मोठी असो, घुमत नाही.

बिट_बाइट:
पिंग राहिला. पाणबुडीच्या सोनारचा आवाज. त्यावरूनच १९८३ मध्ये माइक म्यूस यांनी आपल्या नेटवर्क प्रोग्रॅमला ते नाव दिलं. सर्व्हर जिवंत आहे का हे बघायला आम्ही दिवसभर पिंगच मारतो.

घाईत_आहे:
सर्व्हर पडलेला नाहीये हो, लोखंड पडलंय. काचेचं कुणी सांगेल का?

काचपात्र:
काच फुटल्याचा सरसकट शॅटर लिहितात, ते चूक. शॅटर म्हणजे चक्काचूर होणं, तो आवाज नव्हे. आवाज क्रॅश, आणि नंतर तुकडे खाली सांडतात तो टिंकल. मराठीत 'खळ्ळकन' दोन्ही एका दमात सांगतो, इंग्रजीत दोन शब्द लागतात. आणि चिंक मात्र लिहू नका. नाण्यांचा, काचेचा आवाज असा अर्थ आहे खरा, पण फट असाही होतो आणि चिनी लोकांना दिलेली ती शिवीही आहे.

घाईत_आहे:
काच फुटत नाही! दोन ग्लास एकमेकांना लागतात.

काचपात्र:
मग एवढं टंकून घेतलंत कशाला? क्लिंक.

मायमराठी:
मुळात इंग्रजी हवंच कशाला? खणखणाट, छनछन, रुणझुण असे शब्द त्यांच्याकडे आहेत का?

घाईत_आहे:
कर्णबधिर प्रेक्षकांसाठी इंग्रजी सबटायटल्स आहेत म्हणून. लोखंड शेजारच्या खोलीत पडतं, काय पडलं ते पडद्यावर दिसतच नाही, नायकालाही कळत नाही.

साउंडवाला:
ताई, हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं! आता 'लोखंडी सळई पडते' असं लिहिलंत तर ऐकू येणाऱ्यांना जे माहीत नाही ते वाचणाऱ्याला आधीच कळेल. फक्त आवाज लिहा. भिंतीपलीकडून बारीक सूर आधी गळतात, जाड तेवढे पोचतात. घुमतो का?

घाईत_आहे:
घुमतो. दोनेक सेकंद.

साउंडवाला:
'मफल्ड क्लँग'. पुढे काही लिहू नका.

शब्दखोर:
क्लँग मी आधीच सांगितला होता.

जुनं खोड:
अवांतर: लंडनमध्ये साउथवर्कला 'द क्लिंक' नावाचा तुरुंग होता. १७८०च्या दंगलीत जळाला, पण इंग्रजी बोलीत तुरुंगाला अजूनही क्लिंक म्हणतात.

घाईत_आहे:
बरं, एक राहिलंच. किल्ल्यांचा जुडगा.

शब्दखोर:
जिंगल. कर्कश असेल तर जँगल.

घाईत_आहे:
झोपलेल्या पहारेकऱ्याच्या कमरेचा काढतोय.

साउंडवाला:
मग जिंगल कसला? एकच किल्ली दुसरीला लागणार. क्लिंक. आणि तो जागच्या जागी थांबणार.

घाईत_आहे:
थांबतो! फिल्म पाहिलीत का तुम्ही?