विंडोज १० वरून लिनक्सवर जावं की सरळ मॅक घ्यावा? पंधरा वर्षांच्या फाइली आहेत

शाईपेन
नमस्कार मंडळी, दोन महिने झाले ठरवतेय आणि ठरतच नाहीये म्हणून शेवटी विचारते. लॅपटॉप २०१७ चा आहे, इंटेल आय५ सातव्या पिढीचा, ८ जीबी रॅम आणि आत जुनी फिरणारी हार्ड डिस्क. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ११ टाकायला गेले तर प्रोसेसर चालत नाही म्हणतंय. बाकी मशीन ठणठणीत आहे, एक कळसुद्धा निखळलेली नाही, फक्त चालू व्हायला पाच मिनिटं घेतं, आणि असं चांगलं चालणारं यंत्र टाकून द्यायचं हे मनाला पटत नाही.

माझं काम भाषांतर आणि मुद्रितशोधनाचं. दिवसाचे सात-आठ तास वर्डमध्येच जातात, ट्रॅक चेंजेस (केलेला प्रत्येक बदल दिसत राहतो ती वर्डची सोय) लावलेल्या फाइली येतात, त्यावर काम करून तशाच परत पाठवायच्या, मग त्या पुन्हा येतात. शिवाय जुन्या फाइलींचा ढीग आहे, त्यातल्या सुरुवातीच्या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधल्या, त्या अजूनही अधूनमधून उघडाव्या लागतात.

तीन रस्ते दिसतात. याच लॅपटॉपवर लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी टाकायची फुकट ऑपरेटिंग सिस्टीम, नाहीतर नवा विंडोज ११ वाला, नाहीतर मॅक. लिनक्सबद्दल वाचलं की वाटतं आजच टाकावं, मग कोणीतरी लिहितं की वर्डशिवाय अडलं आणि परत आलो, की पुन्हा तिथेच. तुमच्यापैकी कोणी खरंच बदललंय का, आणि काम न थांबता बदललंय का? मला तेवढंच कळायला हवंय.

मध्यरात्र
मी २०१४ पासून लिनक्सवर आहे, पण तुम्हाला आधी लिनक्स टाका असं सांगणार नाही. आधी एसएसडी टाका, म्हणजे न फिरणारी, चिपवाली वेगवान डिस्क. पाच मिनिटं लागतात ती विंडोजमुळे कमी आणि त्या फिरणाऱ्या डिस्कमुळे जास्त, तुमच्या लॅपटॉपच्या काळातल्या बहुतेक मशीनमध्ये साधी २.५ इंची साटा (जुन्या डिस्कच्याच जोडणीची) एसएसडी बसते, चार स्क्रू काढायचे आणि बदलायची. नव्या लॅपटॉपच्या मानाने खर्च अगदी थोडा आणि पुढे काहीही ठरलं तरी तो वाया जात नाही.

विंडोज ११ चं म्हणाल तर त्याला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय तुमच्या मशीनमध्ये बहुतेक असेलही, बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) चालू करता येते, पण त्याला चालणाऱ्या इंटेल प्रोसेसरची यादी जवळजवळ आठव्या पिढीपासूनच सुरू होते, सातवीतले मोजकेच त्यात आहेत. ती तपासणी टाळून इन्स्टॉल करायच्या युक्त्या आहेत, इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह बनवणाऱ्या रुफस या प्रोग्रॅममध्ये तर सरळ टिकमार्क आहे, पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि ज्या मशीनवर पोट आहे तिथे मी तरी हे करणार नाही. विंडोज १० ला जादा सुरक्षा अपडेट घ्यायची सोय आहे, सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नावनोंदणी दिसते, ती घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. ती आजच करून टाका म्हणजे घाईत काही ठरवावं लागणार नाही.

मग पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट हा लिनक्सचा सोपा प्रकार घ्या आणि इन्स्टॉल न करता नुसतं चालवून बघा. मिंट २२ उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर उभं आहे, अपडेट २०२९ पर्यंत. सिनॅमन नावाचं डेस्कटॉप घ्या, खाली पट्टी, डावीकडे मेनू, हात लगेच बसतो. पेनड्राइव्हवरून हळू चालेल, त्यावरून वेगाचा अंदाज बांधू नका. बघायचं ते हे की वायफाय लागतं का, झाकण मिटून उघडल्यावर नीट जागं होतं का, प्रिंटर सापडतो का. झाकणाची गोष्ट लोक तपासतच नाहीत आणि नंतर रोज वैतागतात.

तिसरा_मजला
मी तो परत आलेला माणूस. लिनक्सवर अकरा महिने होतो, आवडलं होतं, अजूनही आवडतं. अडलो ते दोन गोष्टींवर. एक, माझ्याकडचा स्कॅनर, कंपनीने लिनक्ससाठी ड्रायव्हर दिलाच नव्हता आणि मला रोज चाळीस-पन्नास पानं स्कॅन करायची असायची. दुसरी तुमचीच गोष्ट, दुसऱ्यांच्या वर्ड फाइली.

ताई, यात नीट बघा कारण तुमचं सगळं इथेच अडकलंय. लिनक्सवर वर्डच्या जागी वापरतात ते फुकट लिब्रेऑफिस डॉक्एक्स, म्हणजे वर्डच्या फाइली, उघडतं, ट्रॅक चेंजेस दिसतात, स्वीकारता नाकारता येतात, कॉमेंटही येतात. स्वतःपुरतं लिहायचं असेल तर काही म्हणजे काही कमी नाही. पण तुमची फाइल एकदा जात नाही, ती चार-पाच वेळा जाते येते, आणि दर खेपेला दोन वेगळे प्रोग्रॅम ती आपापल्या पद्धतीने साठवतात. साधा मजकूर टिकतो. तळटीपा, टेबलं, टेबलात टेबल, आपोआप आकडे पडणाऱ्या याद्या, यांची जागा हलते. फॉन्ट नसला तरी पानं सरकतात, त्याला इलाज आहे, वर्डमधल्या कॅलिब्री फॉन्टच्या मापाचा कार्लिटो आणि कॅम्ब्रियाच्या मापाचा कॅलॅडिया हे फॉन्ट फुकट मिळतात, ते टाकले की इंग्रजी मजकुराच्या ओळी बऱ्याचशा जागेवर राहतात.

मी चूक केली ती ही की ऑपरेटिंग सिस्टीम आणि प्रोग्रॅम एकाच दिवशी बदलले. मग काही बिघडलं की कळायचंच नाही कशामुळे बिघडलं, आणि समोर काम पडलेलं. तुम्ही उलट करा, आहे त्या विंडोजवरच लिब्रेऑफिस टाका आणि महिनाभर खरं काम त्यात करा, प्रत ठेवून. जमलं तर लिनक्सवर जायला तुम्हाला काहीच अडचण नाही कारण तिथे हेच असणार. नाही जमलं तर इन्स्टॉल करायच्या आधीच कळलं. ब्राउझरमधलं वर्ड लिनक्सवर चालतं पण मोठ्या फाइलीला आणि दिवसभराच्या कामाला मला ते पुरलं नाही.

कर्सर
मॅकची बाजू मी सांगतो, २०२१ ला विंडोजवरून आलो. तुमच्या कामाला मॅकची सगळ्यात मोठी सोय ही की वर्ड तिथे खरंखुरं आहे, ट्रॅक चेंजेसचा प्रश्नच येत नाही. बॅटरी दिवसभर जाते.

पण घ्यायच्या आधी तीन गोष्टी माहीत असू द्या. वापरलेला घेणार असाल तर इंटेलवाला घेऊ नका. अॅपलने नोव्हेंबर २०२० मध्ये एम१ हा स्वतःचा प्रोसेसर आणला आणि मॅकओएस २६ टाहो ही इंटेल मशीनसाठी शेवटची मोठी आवृत्ती असं जाहीर केलंय, म्हणजे आज ज्या कारणाने तुम्ही अडकलात त्याच कारणाने लवकरच परत अडकाल. दुसरं, एम वाल्या मॅकबुकमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही, घेतानाच विचार करा. तिसरं, तुमची बाहेरची डिस्क एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटची, असेल तर मॅक ती वाचतो पण त्यावर लिहू देत नाही. मी पहिल्याच आठवड्यात बॅकअप घ्यायला बसलो आणि फाइल टाकताच येईना, तेव्हा कळलं. एक्सफॅट या फॉरमॅटची करून घेतली की तिन्हीकडे चालते, पण फॉरमॅट करताना आतलं सगळं जातं, आधी दुसरीकडे काढून ठेवा.

आणि बोटांची सवय. कंट्रोलच्या जागी कमांड हे आठवड्यात बसतं, पण होम आणि एंड कळा बऱ्याच ठिकाणी ओळीच्या नाही तर थेट कागदाच्या टोकाला नेतात, मुद्रितशोधनात हे खूप खुपेल.

जुनी_कळ
जुन्या फॉन्टच्या फाइलींबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितेय, मी स्वतः यातून गेलेय आणि तुम्ही कुठेही गेलात तरी हे काम आधीच उरका.

त्या फाइलींमध्ये खरं तर देवनागरी नाहीचे. आत इंग्रजी अक्षरांचे कोड आहेत आणि फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो, फॉन्ट गेला की निव्वळ गिचमिड. नुसतं वाचायचं असेल तर तोच फॉन्ट लिनक्सवर किंवा मॅकवर टाकला की बहुतेक वेळा दिसतं. पण शोधता येत नाही, स्पेलचेक लागत नाही, म्हणून युनिकोडमध्ये आणा. रूपांतर केल्यावर तीन ठिकाणी डोळ्यात तेल घालून बघा. पहिली वेलांटी, कारण जुन्या फॉन्टमध्ये ती अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि युनिकोडमध्ये नंतर, जोडाक्षर आलं की ती भलत्याच अक्षराला लागते. रफार, तसंच कारण, फक्त उलटं. आणि ऱ्य, ऱ्ह, सुऱ्या, तऱ्हा, कुऱ्हाड, हे शब्द बऱ्याच कन्व्हर्टरमधून र्य र्ह होऊन बाहेर पडतात आणि घाईत वाचताना नजरेतून निसटतात. मूळ फाइल कधीही पुसू नका.

टायपिंग कशात करता ते लिहिलं नाहीत. इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांची ठरलेली कळांची मांडणी) असेल तर काळजीच नको, तिन्हीकडे जवळजवळ सारखंच. फोनेटिक (इंग्रजी उच्चारांप्रमाणे टाइप करायचं) असेल तर मात्र प्रत्येकाचं वेगळं, विंडोजमध्ये २०१९ च्या मे अपडेटपासून मराठी फोनेटिक आलं, लिनक्सवर आयबस या टायपिंगच्या सोयीतून एम१७एन या संचातलं मराठी फोनेटिक घ्यावं लागतं आणि त्यात काही अक्षरांच्या जागा निराळ्या. बोटं दोन आठवडे अडखळतात आणि तेवढे दिवस वेग निम्मा होतो, तो हिशोब धरून काम घ्या.

शाईपेन
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी सांगितलं नव्हतं. तीन आठवड्यांनी लिहितेय कारण आधी करून बघायचं होतं.

एसएसडी टाकली, विंडोज आता वीस सेकंदात उघडतं, अर्धी चिडचिड तिथेच संपली. अपडेटची नावनोंदणी केली. मिंट पेनड्राइव्हवरून चालवलं, वायफाय लागलं, झाकणातूनही जागं झालं, प्रिंटर आपणहून सापडला. आणि @तिसरा_मजला, तुमचं ऐकून लिब्रेऑफिस विंडोजवरच वापरतेय. दोन पुस्तकं त्यात केली. कादंबरी होती ती अगदी व्यवस्थित गेली आली. दुसरं तळटीपांचं होतं, साडेतीनशेच्या वर तळटीपा, तिसऱ्या फेरीत काही पुढच्या पानावर गेल्या आणि टेबलांचे आकडे पहिल्यापासून सुरू झाले, ते मी परत वर्डमध्ये उघडून दुरुस्त केलं.

म्हणजे माझं निम्मं काम लिनक्सवर होईल आणि निम्मं नाही. मॅक सध्या नको, तेवढा पैसा गुंतवायचा तर या निम्म्या कामासाठी नको वाटतं. दोन्ही एकाच मशीनवर ठेवता येतील का, आणि त्यात फाइलींना धोका आहे का?

मध्यरात्र
येतील. मिंटचा इन्स्टॉलर विंडोजशेजारी जागा करून देतो. त्याआधी विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप ही लवकर चालू व्हायची सोय बंद करा, नाहीतर विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपतं, आणि मिंटमधून त्या पार्टिशनवर (डिस्कच्या विंडोजवाल्या भागावर) लिहिता येत नाही. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. घड्याळ दोन्हीकडे वेगळं दिसेल, विंडोज मशीनच्या आतल्या घड्याळातली वेळ स्थानिक धरतं आणि लिनक्स यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, मिंटमध्ये एका कमांडने जुळतं, तिथे आलात की सांगतो. आणि जादा अपडेट संपले की विंडोजची बाजू नेटवरून तोडून फक्त त्या तळटीपांच्या फाइलींपुरती ठेवायची, फाइल मिंटमध्ये उतरवायची आणि मिंटमधूनच पाठवायची. फक्त वर्ड वर्गणीचं असेल तर त्याला मधूनमधून नेट लागतं, एकदाच घेतलेलं असेल तर तो प्रश्न नाही.

तिसरा_मजला
बॅकअप दुसऱ्या डिस्कवर, आणि त्यातल्या चार फाइली खरंच उघडून बघा. हातातलं काम देऊन झाल्याशिवाय पार्टिशनला हात लावू नका.

शाईपेन
वर्ड एकदाच घेतलेलं आहे. काम वीस तारखेला जातंय, बॅकअप काल रात्री घेतला, उघडूनही पाहिला. @जुनी_कळ, इनस्क्रिप्टच आहे माझं. आत्ता पेनड्राइव्हवरच्या मिंटमध्ये शिफ्ट आणि जे, म्हणजे इनस्क्रिप्टमधली ऱ ची कळ, दाबून पाहिलं, 'दुसऱ्या' बरोबर उमटतंय.