ब्लेंडेड लर्निंगने निकाल खरोखर सुधारतो का, आणि ते तपासायचे कसे?

प्रश्न – पदवीवर्गाची_शिक्षिका

नमस्कार. मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्राथमिक संख्याशास्त्र शिकवते. आमच्या विभागापुढे असा प्रस्ताव आहे की पुढच्या सत्रापासून आठवड्याच्या चार व्याख्यानांपैकी दोन रेकॉर्ड करून पोर्टलवर ठेवावीत, त्यांवर दर आठवड्याला एक क्विझ घ्यावी आणि उरलेले दोन तास वर्गात व्हावेत, म्हणजेच ब्लेंडेड लर्निंग किंवा ऑनलाइन आणि वर्ग यांची मिश्र पद्धत वापरावी. गेल्या सत्रात एका तुकडीला याच पद्धतीने शिकवले गेले आणि तिचा निकाल इतर तुकड्यांपेक्षा सरस लागला, हाच प्रस्तावाचा मुख्य आधार आहे. मात्र त्या तुकडीसाठी विद्यार्थ्यांनी स्वतःहून नावे दिली होती, शिवाय त्यांना सरावाचे जादा प्रश्नसंचही मिळाले होते. अशा निकालावर कितपत विसंबावे? अभ्यासमंडळाच्या बैठकीत मत देण्यापूर्वी काय तपासावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद – मोजमाप

तुमची शंका रास्त आहे आणि या विषयावरच्या संशोधनालाही तिने सतत घेरलेले आहे. अमेरिकेच्या शिक्षण विभागाने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या, अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात मिश्र पद्धतीने शिकलेले विद्यार्थी केवळ वर्गात शिकलेल्यांपेक्षा सरासरी ०.३५ प्रमाण विचलनाने (प्रमाण विचलन म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप) पुढे आढळले. पूर्णपणे ऑनलाइन शिकलेल्यांच्या बाबतीत हा फरक जेमतेम ०.०५ होता. ब्लेंडेड लर्निंगच्या बाजूने हा आकडा हमखास पुढे केला जातो. त्याच अहवालात दिलेला इशारा मात्र फारसा कोणी सांगत नाही: मिश्र गटांना बरेचदा अभ्यासाला वेळही जास्त मिळाला होता आणि साहित्यही, त्यामुळे या लाभाचे श्रेय निव्वळ माध्यमाला देता येत नाही. तुमच्या तुकडीच्या जादा प्रश्नसंचांची गोष्ट नेमकी हीच आहे.

विद्यार्थ्यांना चिठ्ठी टाकल्याप्रमाणे यादृच्छिक पद्धतीने गटांत विभागले की चित्र संयत होते. तुमच्याच विषयातला, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग अमेरिकेतील सहा सार्वजनिक विद्यापीठ परिसरांत झाला. त्यात एका गटाला नेहमीचे तीन-चार तास होते, तर दुसऱ्याला संगणकाधारित पाठांसोबत आठवड्यातून एकच तास वर्ग होता. उत्तीर्णांचे प्रमाण, अंतिम परीक्षेतले गुण आणि संख्याशास्त्राच्या आकलनाची प्रमाणित चाचणी, या तिन्हींत दोन्ही गट जवळपास सारखेच राहिले. सूक्ष्म अर्थशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमावर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशाच प्रयोगात पूर्ण ऑनलाइन गट मागे पडला, पण मिश्र गटाच्या गुणांत दखलपात्र फरक दिसला नाही. यावरून माझे मत असे की नीट आखणी केली तर वर्गाचे तास कमी करूनही नुकसान टळते. तास कमी केल्यामुळे निकाल वाढेल, असे आश्वासन मात्र कोणी देऊ नये.

बैठकीत तीन गोष्टी विचारा. सर्व तुकड्यांची प्रश्नपत्रिका आणि परीक्षक समान होते का? आधीच्या सत्रातले गुण लक्षात घेऊनही फरक टिकतो का? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, निकालाची टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांवर काढली की सत्राच्या आरंभी नाव नोंदवलेल्यांवर? अधेमधे गळालेले विद्यार्थी हिशेबातून निसटले की कोणतीही पद्धत यशस्वी दिसते.

प्रतिसाद – खडू_आणि_फळा

वरील विवेचनाशी सहमत आहे, परंतु माझ्या मते खरा प्रश्न उरलेल्या दोन तासांचा आहे. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या विषयांतील २२५ अभ्यासांच्या २०१४ मधील विश्लेषणात निव्वळ व्याख्यान ऐकणाऱ्या वर्गांत नापासांचे प्रमाण सुमारे ३४ टक्के, तर विद्यार्थ्यांकडून वर्गातच काम करून घेणाऱ्या वर्गांत सुमारे २२ टक्के आढळले होते. तेव्हा त्या दोन तासांत व्हिडिओचीच उजळणी होणार असेल, तर प्रस्तावाला विरोध करावा.

एक उदाहरण देतो. सशर्त संभाव्यतेच्या क्विझमध्ये मी असे गणित ठेवतो: एक रोग १ टक्का लोकांना आहे, चाचणी रोग्यांपैकी ९० टक्क्यांना ओळखते, पण निरोगी लोकांपैकी १० टक्क्यांनाही चुकीने रोगी ठरवते, तर चाचणीत रोगी ठरलेल्याला रोग असण्याची शक्यता किती? बहुतेक विद्यार्थी ९० टक्के असे उत्तर देतात. वर्गात चौघाचौघांचे गट करून हजार माणसांचा तक्ता मांडायला लावला की १० रोग्यांपैकी ९ जण आणि ९९० निरोगी लोकांपैकी ९९ जण असे १०८ जण रोगी ठरलेले दिसतात आणि उत्तर ८ टक्क्यांच्या आसपास येते. कोण कुठे अडले आहे हे क्विझमुळे मला वर्गात शिरण्यापूर्वीच कळलेले असते. मिश्र पद्धतीचा एवढा एक फायदा मला निर्विवाद वाटतो.

प्रतिसाद – संशोधक_विद्यार्थिनी

विद्यार्थ्यांच्या वेळेचा हिशेबही मांडावा. वर्गातले दोन तास कमी करून त्यांच्या जागी दोन तासांचे व्हिडिओ, एक क्विझ आणि वाचन दिले, तर भार वाढतो. चार विषयांनी एकदम असे केले तर विद्यार्थी व्हिडिओ दुप्पट वेगाने पळवतात किंवा सोडूनच देतात. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरील सुमारे ६९ लाख व्हिडिओ-सत्रांच्या २०१४ मधील अभ्यासात साधारण सहा मिनिटांनंतर पाहणाऱ्यांचे लक्ष टिकत नसल्याचे दिसले होते. म्हणून तासाभराचे व्याख्यान जसेच्या तसे पोर्टलवर चढवण्याऐवजी एका संकल्पनेला एक छोटा व्हिडिओ असा आग्रह धरावा. शिवाय ज्यांचे आधीचे गुण कमी आहेत, त्यांची क्विझ लागोपाठ दोन आठवडे चुकली तर त्यांच्याशी संपर्क साधण्याची जबाबदारी कोणाची, हे प्रस्तावातच लिहून घ्या. ती कोणाच्याही नावावर नसेल तर हे विद्यार्थी परीक्षेपर्यंत कोणाच्या लक्षातच येत नाहीत.

पदवीवर्गाची_शिक्षिका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. नाव नोंदवलेल्यांवर आधारित टक्केवारी उद्याच मागवते. क्विझला अंतर्गत मूल्यमापनात किती भार द्यावा?

प्रतिसाद – खडू_आणि_फळा

थोडाच द्यावा, पाच ते दहा टक्के पुरे. भार जास्त असला की उत्तरे एकमेकांकडून उतरवली जातात आणि कोण कुठे अडले आहे ते कळण्याचा मार्गच बंद होतो. आठवून उत्तर लिहिण्याने स्मरण पक्के होते, हे प्रयोगांनी चांगले सिद्ध झाले आहे; त्यामुळे दुसरी संधी अवश्य द्यावी. क्विझची मुदत मात्र तासाच्या आदल्या संध्याकाळी संपवावी, म्हणजे उत्तरे वाचून दुसऱ्या दिवसाचा तास त्यानुसार बदलायला तुम्हाला वेळ मिळेल.