१६ एमबी फ्लॅशच्या नॅसवर डेबियन १० वरून ११ : मदत हवी आहे

माझ्याकडे किर्कवूड प्रोसेसरचा, ५१२ एमबी रॅम असलेला जुना दोन डिस्कचा नॅस (नेटवर्कवरून वापरायचे साठवण यंत्र) असून त्यावर डेबियन १० ही लिनक्स प्रणाली (जुन्या एआरएम प्रोसेसरसाठीची ‘आर्मेल’ आवृत्ती) चालू आहे. मूळ फाइल सिस्टिम हार्ड डिस्कवर आहे. मात्र कर्नेल (प्रणालीचा गाभा) आणि इनिटआरडी (सुरू होताना लागणारी तात्पुरती फाइल सिस्टिम) यंत्रातील १६ एमबी फ्लॅश मेमरीमधूनच लोड होतात. कर्नेलचा विभाग अवघा २ एमबीचा असल्यामुळे अपग्रेड करताना ‘फ्लॅश-कर्नेल’ (कर्नेल फ्लॅशमध्ये लिहिणारा प्रोग्रॅम) जागा अपुरी असल्याचे सांगून थांबते, आणि ते थांबते हे बरेच, कारण अर्धवट लिहिले गेले असते तर नॅस सुरूच झाला नसता.

इनिटरॅमएफएसमध्ये (म्हणजे इनिटआरडी बनवताना) ‘मॉड्यूल्स=डेप’ (फक्त लागणारी मॉड्यूल्स घेणे) आणि एक्सझेड कॉम्प्रेशन वापरून पाहिले; त्याने इनिटआरडीच्या ९ एमबीच्या शेजारच्या विभागात बरीच जागा सुटली, पण कर्नेलची अडचण तशीच राहिली. सर्व एमटीडी विभागांच्या (फ्लॅशच्या भागांच्या) प्रती संगणकावर घेतल्या आहेत, सिरियल केबल जोडलेली आहे आणि यू-बूटचा (यंत्र सुरू करणाऱ्या बूटलोडरचा) प्रॉम्प्टही मिळतो. डेबियन १० चा एलटीएस (दीर्घकालीन) आधार जून २०२४ मध्येच संपल्याने तिथेच थांबणे मला योग्य वाटत नाही. नवीन यंत्र तूर्त घ्यायचे नाही.

कर्नेलचा विभाग शेजारून १ एमबी घेऊन वाढवायचा झाल्यास ‘एमटीडीपार्ट्स’बरोबर (फ्लॅशच्या विभागांची यादी) यू-बूटच्या ‘बूटसीएमडी’मधील (सुरू होतानाच्या आज्ञांमधील) कोणकोणते पत्ते बदलावे लागतील, की फ्लॅशला हात न लावता कर्नेल थेट डिस्कवरून लोड करणे अधिक सुरक्षित ठरेल?