स्वीट पी : बी आत्ता टाकू का?

साकोलीजवळून विचारतेय. नणंदेनं स्वीट पीचं, म्हणजे फुलांच्या वेलीच्या बियांचं, पाकीट धाडलं. दसरा झाला, पण दुपारचं ऊन अजून चटकतेच. बी दिसते वाटाण्यावानी, पण लय टणक.

— दिवाळीच्या मागंपुढं टाका ताई, रात्री गार झाल्या की. फार लांबवलं तर फेब्रुवारीच्या उन्हात कळ्या गळतात. बी रात्रभर भिजवा. सकाळी जे फुगलं नाही, त्याला डोळ्याच्या उलट बाजूनं नेलकटरनं साल टवका. वरचीच, आतला गर नाही. मग बोटाच्या पेराएवढं खोल. कुंडी उभट घ्या, मुळं खोल जातात.

— तुमच्या धानाच्या बांधीतल्या लाखोळीची ही चुलत बहीण, दोन्ही लॅथिरस या एकाच वंशातल्या. पण लाखोळीची डाळ खातात. हिच्या शेंगा विषारी, लेकरांपासून जपा. आधाराला पराट्या (कपाशीच्या वाळल्या काड्या) रोवा. जाड बांबूला तिचे ताणे धरत नाहीत.

शेंडा खुडायचा म्हणतात, कधी?

— तीन-चार जोडपानं आली की. जीव होत नाही, पण खुडाच, फांद्या फुटतात. फुलंही तोडत राहा, शेंग धरली की वेल फुलणं आवरते. मूळची सिसिलीची आहे, तुमचा मार्च तिला सोसणार नाही.