पंचविशीच्या आत बॉर्डर कोली पाळावा का?

रानवाट: वय २४, पहिलीच नोकरी, एकटाच राहतो. रोज पहाटे पळायला जातो. सोबतीला बॉर्डर कोली जातीच्या कुत्र्याचं पिल्लू आणायचं मनात आहे. घरचे म्हणतात, आधी स्थिर हो. तुम्हाला काय वाटतं?

शेवंती: घरच्यांचं बरोबर आहे. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवर मेंढ्या वळण्यासाठी तयार झालेली ही जात. दिवसभर मेंढपाळाच्या शिट्टीवर पळायचं, डोकंही चालवायचं. तुम्ही पहाटे पळवून आणलंत की त्याचा दिवस सुरू होणार आणि तुम्ही निघणार ऑफिसला. कामाविना राहिलेला असा कुत्रा सोफा फाडतो, सायकलींमागे लागतो, लहान मुलांना मेंढ्यांसारखं वळवू बघतो. आणि आयुष्य १२ ते १५ वर्षांचं! तेवढ्यात तुमची नोकरी, गाव, संसार सगळं बदलणार. बदली झाली म्हणून कुत्रा देऊन टाकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

उनाडवारा: देऊन टाकणारे सगळ्याच वयाचे असतात हो. मुलं लहान, आईवडील थकलेले, अशा काळात कुत्र्याला वेळ मिळतो का? रोज दोन तास मोकळे आणि पायांत ताकद, हे विशीतच जमतं. माझं मत, आणा.

शेवंती: वेळ विशीत असतो, मान्य. पण सलग नऊ तास पिल्लू एकटं ठेवायचं, त्याचं काय? त्याला तेवढा वेळ लघवीसुद्धा धरता येत नाही.

काळीमाती: पळण्याच्या सोबतीसाठी आणत असाल तर एक ऐका. पिल्लाची हाडं पक्की व्हायला वर्ष-दीड वर्ष जातं, तोवर लांब पळवायचं नाही. म्हणजे ज्या कारणासाठी आणताय तेच पहिलं वर्षभर बाजूला. शिवाय नुसतं पळवून हे कुत्रे दमत नाहीत, उलट त्यांचा दम वाढतो. वास काढून वस्तू शोधायला लावणं, नवं काही शिकवणं आणि स्वस्थ पडून राहायची सवय लावणं, यावर जास्त मेहनत घ्यावी लागते. सहा महिन्यांनंतर तो वयात येतो, शिकवलेलंही ऐकेनासा होतो. बरेच जण तिथेच हात टेकतात.

उनाडवारा: मग निवारा केंद्रातला दोन-तीन वर्षांचा कुत्रा बघा. स्वभाव आधीच कळतो, पळायलाही लगेच येतो.

शेवंती: हे मात्र पटलं. तरीही रानवाट, तुम्ही तापाने चार दिवस पडलात तर त्याला कोण फिरवणार? त्या माणसाला विचारलंय का?

रानवाट: नाही विचारलं. शेजारच्या मित्राशी आजच बोलतो. तो नाही म्हणाला तर सध्या थांबेन.