मदत हवी आहे: शूटिंग संपलंय, फक्त डबिंग बाकी आहे आणि खुनी शेवटी जुळा निघतो

नमस्कार मंडळी. अडचण जरा विचित्र आहे आणि सांगायला लांबण लागणार आहे.

माझ्या धाकट्या दिराने मित्रांना हाताशी धरून क्राइम थ्रिलर काढलाय. लांबी ९४ मिनिटं. पैसे त्याच्या साठवणीतले, कॅमेरा मित्राचा, आणि पोलीस स्टेशन म्हणजे आमच्या सोसायटीचं क्लबहाऊस. (इन्स्पेक्टरच्या डोक्यामागे मेंटेनन्सच्या थकबाकीदारांची यादी दिसते. त्यात आम्हीही आहोत.) पायलट साउंडवर (शूटिंगच्या वेळच्या कच्च्या आवाजावर) कच्चं एडिट झालंय, पंधरा दिवसांनी डबिंग. मी शाळेत मराठी शिकवते, एवढ्या भांडवलावर "वहिनी, डायलॉग जरा बघून दे ना" हे काम माझ्या गळ्यात पडलंय. पॅच शूटला, म्हणजे राहिलेले तुकडे पुन्हा शूट करायलाही, पैसा नाही. म्हणजे जी काही डागडुजी करायची ती आवाजातच.

गोष्ट अशी. एका बिल्डरचा खून होतो, मृतदेह ठाण्यात उपवन तलावाकाठी सापडतो. संशय भागीदारावर. पण भागीदार त्या वेळी घाणेकर नाट्यगृहात नाटक बघत होता, तिकीट आहे, डोअरकीपर ओळखतो. इथपर्यंत मीसुद्धा सरसावून बसले होते. मग शेवटच्या आठ मिनिटांत दार उघडतं आणि तोच नट मिशी लावून उभा. जुळा भाऊ! आधी त्याचा उल्लेख नाही, फोटो नाही, काही नाही. इन्स्पेक्टर त्याला चहाच्या टपरीवर नेऊन म्हणतो, "खरं सांग," आणि तो खरं सांगतो. कटिंग संपायच्या आत केस संपते.

पाठलाग तर बघवत नाही, म्हणजे पुन्हा पुन्हा बघावासा वाटतो. गाडी ठाण्यातल्या मासुंदा तलावाला वळसा घालते आणि पुढच्याच वळणावर थेट नवी मुंबईत पाम बीच रोडला निघते. मी रोज ट्रान्स-हार्बर लोकलने नवी मुंबईत तुर्भ्याला जाते, मला हा रस्ता कुणी का नाही दाखवला? गाडीची नंबरप्लेट मासुंद्याला एमएच ०४ आणि पाम बीचला एमएच ४३. रंग तेवढा तोच.

आणि खुर्ची. नायकाला प्लास्टिकच्या खुर्चीला बांधून खलनायक अकरा मिनिटं आपला बेत समजावून सांगतो. "तुला तर माहीतच आहे, मी तुझा सख्खा मावसभाऊ..." माहीत आहे तर सांगतोस कशाला बाबा? नायकाचे पाय जमिनीला टेकलेले आहेत. उठला असता तर खुर्चीसकट घरी गेला असता.

गेल्या रविवारी गच्चीवर चादर लावून चाळीसेक जणांना दाखवला. लोक हसून हसून लोळले. खुर्चीच्या सीनला खालच्या मजल्यावरच्या काकूंनी शिट्टी मारली. दीर शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून उभा होता. नंतर विचारलं, "आवडला ना लोकांना?" मी हो म्हटलं. खोटं नव्हतंच ते. पण त्याने हा सिनेमा गंभीरपणे केलाय, आणि हे त्याला कुणी बोलत नाहीये.

तर मदत हवी आहे ती अशी: फक्त आवाज बदलून यातलं काय सावरता येईल? आणि सगळं सावरलं तर ती शिट्टीही जाईल का, ही धास्ती आहेच.

तिसरी घंटा:
ताई, खुर्चीला हात लावू नका! त्या नटाने ते मनापासून केलंय म्हणून लोक हसले. मुद्दाम विनोदी करायला गेलात तर पडेल. जुळ्याचं मात्र आधी पेरायलाच हवं. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज रहस्यकथाकाराने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम सांगितले, त्यातला दहावा हाच: वाचकाची आधी तयारी केल्याशिवाय जुळे भाऊ आणायचे नाहीत. भागीदाराच्या घरातला एखादा पाठमोरा शॉट आहे का? तोंड दिसत नसेल तिथे वाटेल ते बोलता येतं.

धागाकर्ती:
आहे! भागीदाराची आई ओट्याशी पाठमोरी लसूण सोलते, तब्बल दीड मिनिट, मुकाट. का सोलते हेही कळत नाही.

तिसरी घंटा:
मग लसणाचं सोनं झालं. तिला फोनवर टेलरशी बोलू द्या. "दोन्ही शर्ट एकाच मापाचे शिवा. नाही हो, चुकून नाही, दोनच." पुढे कुणी एक अक्षर बोलायचं नाही. एवढंसं पुरतं.

जुना कारकून:
कोर्टात उमेदीची वर्षं गेली म्हणून राहवत नाही. तुमचा इन्स्पेक्टर खुनाला कलम ३०२ म्हणतो का?

धागाकर्ती:
सात वेळा. क्लोज-अपमध्ये.

जुना कारकून:
गोष्ट कधीची आहे? १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, खुनाची शिक्षा आता कलम १०३. त्याआधीचा गुन्हा असेल तर जुन्या दंड संहितेचं ३०२ बरोबर आहे. आणि टपरीवरची कबुली कोर्टात टिकणार नाही. पोलिसापुढे दिलेली कबुली पुराव्यात धरत नाहीत, भारतीय साक्ष्य अधिनियम, कलम २३. पण आरोपी ताब्यात असताना त्याच्या सांगण्यावरून हत्यार सापडलं, तर तेवढा भाग चालतो. सिनेमात हत्यार सापडतं का?

धागाकर्ती:
पुढच्याच सीनला तलावातून कोयता काढतात. कसा कळला ते सांगितलेलं नाही. भिंतीवर २०२५ चं कॅलेंडर आहे, त्यामुळे १०३ च.

जुना कारकून:
अहो, मग झालंच की. टपरीवर आधी बेड्यांचा खट् आवाज टाका, मग आरोपीच्या तोंडी कोयत्याची जागा. मागे चहा पीत कुणी उभे असतील तर त्यांना पंच करून टाका.

धागाकर्ती:
मागे दोघे आहेत, खरे गिऱ्हाईक, कॅमेऱ्याकडे बघत उभे. आता पंच.

रात्री दिराला बसवून टेलरचा फोन आणि कोयता समजावला. लगेच पटलं, वहीत लिहूनही घेतलं. ३०२ वर मात्र अडला, क्लोज-अपमध्ये ओठ जुळणार नाहीत म्हणे. मग आम्ही दोघं आरशासमोर उभे राहिलो. तीनशे दोन, एकशे तीन. तीनशे दोन, एकशे तीन. तेवढाच वेळ, मधला 'शे' जागच्या जागी, आणि ओठ कुठेच मिटत नाहीत. बसतंय!

खुर्चीबद्दल मी काही बोलले नव्हते. उठता उठता तोच म्हणाला, "वहिनी, त्या सीनला लोक हसले ना? तो तसाच ठेवू." पाम बीचचं विचारलं तर म्हणाला, तिथे म्युझिक मोठं ठेवणार आहे.